विसार घेण्याआधीचे दिवस: घर विकताना होणारा उशीर आणि दडपण

नाशिकच्या मखमलाबाद रोडवरचं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा घरात दुमत नव्हतं. बाबा गेले होते, आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, भाऊ दुबईत आणि मी इंदिरानगरला. गिऱ्हाईक आठ दिवसांत मिळालं. नवराबायको दोघंही शिक्षक, भाड्याच्या घरात राहणारे, कर्जाची तोंडी हमी मिळालेले. एजंट म्हणाले, "ताई, चांगलं गिऱ्हाईक हातचं घालवू नका, दोन लाख विसार घेऊन टाका." आम्ही घेतला. विसार म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम. स्टँपपेपरवर विसार पावती झाली, त्यात 'आजपासून ९० दिवसांत खरेदीखत करून देऊ' असं लिहिलं, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

खरेदीखत व्हायला सोळा महिने लागले.

मी वकील नाही. पण ते सोळा महिने फाइल काखोटीला मारून तलाठी कार्यालय, बँक, वकिलांचं ऑफिस आणि सीबीएस बसस्थानकाजवळचं जिल्हा न्यायालय अशा फेऱ्या मी मारल्या. कागद अपुरे असतात हे जवळपास प्रत्येक घराचं असतं, त्याला इलाज आहे. आमचं चुकलं ते एवढंच, की कागद अपुरे असताना आम्ही तारीख लिहून दिली. विसार घेईपर्यंतचा वेळ तुमचा असतो. फेरफाराला, म्हणजे उताऱ्यावरची नोंद बदलायला, चार महिने लागोत की सहा, विचारणारं कोणी नसतं. पैसे खात्यावर आले की त्याच चार महिन्यांचा जाब द्यावा लागतो. घर विकणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: आधी कागद, मग 'घर विकणे आहे'ची पाटी, आणि सगळ्यात शेवटी विसार.

सातबारावर काय निघालं

आमचा प्लॉट बिनशेती असला तरी त्याचा उतारा सातबाराच आहे. शहराच्या जुन्या भागात मिळकत पत्रिका असते आणि काम नगर भूमापन कार्यालयात चालतं. सातबारा असेल तर तलाठी आणि मंडळ अधिकारी. तलाठ्याच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात.

खरेदीदाराच्या वकिलांनी उतारा पाहिला आणि पाच मिनिटांत तीन गोष्टींवर बोट ठेवलं. पहिली, नाव. १९९४ च्या खरेदीखतात बाबा 'रामभाऊ' आहेत, कारण गावापासून सगळे त्यांना तेच म्हणायचे. मृत्यूच्या दाखल्यावर आणि आधारवर 'रामचंद्र'. आम्हाला तो एकच माणूस, कागदाला दोन. दुसरी, 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. ते कर्ज बाबांनी २००९ मध्ये फेडलं होतं. शेवटचा हप्ता भरून आल्यावर त्यांनी आईला गजरा आणला होता, एवढं आईला आठवतं. पण बोजा कमी करण्याचं पत्र तलाठ्याकडे द्यायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. तिसरी, वारस नोंद झालेलीच नव्हती. उताऱ्यावर मालक अजून बाबाच.

नावाचा प्रश्न सगळ्यात लवकर सुटला. रामभाऊ आणि रामचंद्र ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत शाळेचा दाखला आणि जुनं रेशनकार्ड. बोजाला दोन महिने गेले, कारण बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती आणि जुनं खातं कोणाला सापडेना. आज कर्ज फेडत असाल तर तुमची परिस्थिती बरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. शाखेत तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण हे दिवस मोजायचे तर हातात पुरावा हवा.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज द्यावा लागतो. मग फेरफार नोंद धरली जाते आणि संबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही दिसतात, त्यामुळे रोज खेटे घालायची गरज नाही. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. सातबारावर नाव लागल्याने कोणी मालक होत नाही. मालकी येते खरेदीखताने, वारशाने, मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने. उतारा ही महसुलाची नोंद आहे. पण खरेदीदाराला कर्ज देणारी बँक त्या नोंदीशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून ती लागतेच.

फ्लॅट असेल तर गाठी वेगळ्या. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे घोषणापत्र आणि अपार्टमेंटचा दस्त बघतात. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट. हस्तांतरणासाठी सोसायटी मनाला येईल ती रक्कम मागू शकत नाही, महानगरपालिका क्षेत्रात प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. सिडकोच्या योजनेतलं घर असेल आणि जमीन अजून भाडेपट्ट्याची असेल, तर सिडकोच्या परवानगीचा वेळ आधीच धरून चाला.

हरकत घेतली म्हणजे हक्क असतोच असं नाही

पंधरा दिवसांतल्या तेराव्या दिवशी आमच्या नोंदीवर हरकत आली. आत्यांची. प्लॉट घेताना आजोबांनी निफाडची द्राक्षं विकून आलेले पैसे दिले होते, म्हणून त्यात आपलाही वाटा, असं त्यांचं म्हणणं.

आई दोन दिवस नीट जेवली नाही. हरकत म्हणजे घर गेलं, असं तिला वाटलं. पुष्कळांना तसंच वाटतं, म्हणून इथे थोडं थांबते.

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मिळकत त्याने स्वतः कमावलेली असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ती पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते. मुलगी लग्न झालेली असो वा नसो. म्हणजे आमच्या घरात आई, भाऊ आणि मी, एकेक तृतीयांश. बहीण या यादीत नाही.

मग आत्यांचा प्रश्नच मिटला? वकिलांनी विचारलेला पहिला प्रश्न मी विसरणार नाही. "तुमच्या आजी कधी गेल्या? वडिलांच्या आधी की नंतर?" आजी बाबांच्या नंतर गेल्या असत्या, तर बाबांच्या मिळकतीत आजींचा चौथा हिस्सा पडला असता, आणि तो आजींच्या वारसांकडे, म्हणजे आत्यांकडेही गेला असता. मग आत्यांचा हक्क खरा ठरला असता आणि त्यांच्या सहीशिवाय केलेली विक्री अर्धवट राहिली असती. आमच्या आजी बाबांच्या आधी चार वर्षं गेल्या होत्या. म्हणून तुमच्या घरातही आधी मृत्यूच्या दाखल्यांवरच्या तारखा ओळीने मांडून बघा. वारशाचे निम्मे घोळ तिथेच कळतात.

आत्यांचा दुसरा मुद्दा आजोबांच्या पैशाचा होता. त्याला पुरावा लागतो, आणि दस्त बाबांच्या एकट्याच्या नावाने होता. बाजू आमची भक्कम होती. तरीही हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, सुनावणी लागते, दोन्ही बाजूंचं म्हणणं घेतलं जातं. अशी प्रकरणं शक्यतो एका वर्षात निकाली काढावीत असं महसूल संहिता म्हणते. निकाल आवडला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला ६० दिवस. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण इथे फारच उदार वाटते.

भाऊ म्हणाला, लढू, आपण जिंकणारच आहोत. जिंकलो असतोही. पण विसार पावतीवरचे ९० दिवस तेव्हाच उलटून गेले होते.

शेवटी मी आणि आई आत्यांकडे गेलो. दोन बैठका झाल्या, दुसरीत वकील होते. एक रक्कम ठरली. ती हक्क म्हणून नव्हती आणि कागदावर तसं स्पष्ट लिहिलं. आत्यांनी हरकत मागे घेतल्याचा लेखी जबाब दिला आणि खरेदीखतावर संमती देणारी व्यक्ती म्हणून सही करायचं कबूल केलं. भावाला ते आजही पटलेलं नाही. मला पटतं. रक्कम ठरवताना मी एकच हिशेब केला होता: आणखी वर्षभराचा वकिलाचा खर्च, बंद घराची घरपट्टी आणि डागडुजी, आणि गिऱ्हाईक गेलं तर होणारं नुकसान. आत्यांची रक्कम त्याहून कमी होती. जास्त असती तर मीही लढले असते. मात्र असा समझोता तोंडी ठेवू नका. सही झाल्याशिवाय पैसे देऊ नका आणि पैसे धनादेशानेच द्या.

विसार पावतीत तारीख कशी लिहायची

आमच्या पावतीत 'आजपासून ९० दिवस' असं होतं. ते 'सर्व वारसांची फेरफार नोंद प्रमाणित झाल्याच्या दिवसापासून ४५ दिवस' असं हवं होतं. एवढ्या एका वाक्याने आमचं वर्ष वाचलं असतं. जे काम सरकारी कार्यालयाच्या हातात आहे त्याची कॅलेंडरवरची तारीख तुम्ही देऊ शकत नाही. ते काम झाल्यावर किती दिवसांत तुमचं काम कराल, एवढंच देऊ शकता. सोबत हेही लिहावं: अमुक महिन्यांत नोंद झालीच नाही तर दोघांपैकी कोणीही करार सोडू शकेल आणि विसार इतक्या दिवसांत, व्याजासह किंवा व्याजाशिवाय, परत मिळेल. खरेदीदारही मग निर्धास्त असतो. त्याच्याही बँकेचं मंजुरीपत्र ठराविक मुदतीचं असतं, त्याचीही झोप उडालेली असते. आमच्या शिक्षक जोडप्याचं मंजुरीपत्र एकदा संपलं आणि नव्याने काढावं लागलं. त्यांनी आवाज चढवला तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांची बाजू मी आधी ऐकायला हवी होती.

तारीख उलटणार हे दिसू लागलं की ती उलटण्याआधी मुदतवाढीचा लेख करून घ्या. कारण, नवी मुदत, दोघांच्या सह्या. आम्ही दोन वेळा केला.

रोख रक्कम नको. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. व्यवहार फिसकटला तर रोख पैसे भांडणाचं मूळही होतात.

आणि चावी. गुढीपाडव्याच्या आठ दिवस आधी शिक्षकबाईंचा फोन आला. "ताई, ताबा नको, फक्त पाडव्याला कलश ठेवू द्या. रंगाचं सामानही तिथेच ठेवतो." आईचा जीव विरघळला, चावी तिने हातात घेतलीसुद्धा. नाही म्हणणं मला फार जड गेलं. पण लेखी, नोंदवलेल्या करारानुसार ताबा मिळालेल्या खरेदीदाराला तो ताबा टिकवण्याचं संरक्षण कायदा देतो, आणि ताबा देणाऱ्या साठेखतावर (पुढे विक्री करण्याच्या करारावर) खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं. त्या दोघांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तरी रंगाचे डबे आत गेले की ताबा दिला की नाही यावर उद्या वाद होऊ शकतो. मी म्हणाले, पाडव्याला अंगणात रांगोळी काढायला या, आई नारळ देईल. त्या आल्या. दार बंदच राहिलं.

दडपण आणणारी वाक्यं

सोळा महिन्यांत ऐकलेली वाक्यं मी डायरीत लिहून ठेवली आणि एकेक करून वकिलांना विचारली. भीती बरीचशी त्यानेच गेली.

"डबल विसार द्यावा लागेल." करारात तसं लिहिलं असेल तरी भंगासाठी ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, त्या आतली वाजवी भरपाई न्यायालय देतं. करारात काहीच नसेल तर दुप्पट आपोआप होत नाही.

"विसार परत करून मोकळे व्हा, काही होत नाही." हे आमच्याच एका नातेवाइकाचं, आणि जास्त धोक्याचं. खरेदीदार 'करार पाळायला लावा' असा दावा लावू शकतो, ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायद्यात बदल झाला आणि असा हुकूम द्यायचा की नाही ही पूर्वीसारखी न्यायाधीशांच्या मर्जीची गोष्ट राहिली नाही. पैसे आणि तयारी आपल्याकडे सतत होती हे खरेदीदाराला दाखवावं लागतं, पण ते दाखवलं तर तुम्ही नुसते पैसे परत करून सुटत नाही.

"चारशेवीसची केस टाकतो." आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. करार पाळायला उशीर झाला म्हणजे फसवणूक होत नाही. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असावा लागतो. पण हरकत किंवा दावा माहीत असून लपवलात तर तुम्ही स्वतः त्या वाक्याला बळ देता. मालकी हक्कातला माहीत असलेला दोष खरेदीदाराला सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्याचं कर्तव्य ठरवलं आहे. आत्यांची हरकत आली त्याच दिवशी मी त्या हरकतीच्या कागदाचा फोटो शिक्षकांना पाठवला होता. पुढे तेच आमच्या कामी आलं.

"सिंहस्थ झाला की भाव पडतील, आत्ताच द्या." हे वाक्य कमी भावात वादातल्या मिळकती उचलणाऱ्या एका गृहस्थांचं. त्यांना आमच्या हरकतीची बातमी कुठून लागली देव जाणे. वाद मिटवायचा खर्च आणि वेळ कागदावर मांडल्याशिवाय अशा माणसाला होकार देऊ नका.

प्रकरण कोर्टात गेलं तर

आमचं गेलं नाही, पण जाईल अशी नोटीस आली होती. तेव्हा वकिलांनी कॅव्हेट दाखल केलं. आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये अशी ती आगाऊ विनंती, ९० दिवस टिकते आणि नंतर पुन्हा करता येते. मनाई हुकूम एकतर्फी मिळाला तर विक्री जागच्या जागी थांबते, म्हणून हा छोटा खर्च करावा. दावा चालू असताना विकता येतं का? मनाई नसेल तर येतं, पण घेणारा निकालाला बांधील राहतो, म्हणून भाव पडतो आणि बँक कर्ज देत नाही.

दावा लागलाच तर प्रत्येक तारखेनंतर वकिलांना 'काय झालं' असं मोघम न विचारता 'आता कोणता टप्पा आहे, पुढे कोणी काय करायचं आहे' असं विचारा. समन्स, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, निकाल, एवढे टप्पे असतात. कैफियतीला ३० दिवस, कारण दिलं तर ९० पर्यंत. दाव्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक घेतलात तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख घरबसल्या दिसते. मिटवायची इच्छा दोन्हीकडे असेल तर लोकअदालत बघा. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

कराचं थोडक्यात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. वारसांपैकी कोणी परदेशी राहत असेल तर त्याच्या हिश्श्यावर कपात बरीच मोठी असते. ती कमी करण्याचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण वेळ लागतो, आम्ही उशिरा अर्ज केला. भावाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित झालं आणि भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावं लागलं. आणखी एक: जुनं विकलं जाईलच या भरवशावर नवं घर आधी घेतलं असेल, तर भांडवली नफ्यावरची सूट मिळायला ती खरेदी विक्रीच्या आधीच्या १ वर्षात असावी लागते. जुन्या घराची विक्री रखडली की ही सूट हातची जाते.

घरातली माणसं

एजंट, खरेदीदार, आत्या, भाऊ, सगळे आईलाच फोन करायचे, कारण ती फोन उचलायची. तिचं बीपी वाढलं तेव्हा आम्ही ठरवलं की घराबद्दल फक्त माझ्याशी बोलायचं, संध्याकाळी सहा ते सात, आणि महत्त्वाचं असेल ते व्हॉट्सॲपवर लिहून. पहिल्या आठवड्यात लोक रागावले, मग सरावले. आईला मी दर रविवारी एकदाच सगळं सांगायचे: काय झालं, काय राहिलं, पुढचं पाऊल कोणाचं. आपल्या हातातलं काम संपलेलं असेल तर तेही तसंच सांगायचे, म्हणजे ती शांत झोपायची. झोप उडाली असेल, घाबरं होत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. घराच्या कागदांपायी माणूस खचतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सर्व्हर दोनदा बंद पडला. अंगठा, फोटो, सही होईपर्यंत दुपारचे चार वाजले. आत्याही आल्या होत्या, आईच्या शेजारी बसून होत्या. मग घरी जाऊन ताबा पावती केली. वकिलांनी सांगितलं होतं, तिच्यावर तारखेसोबत वेळ आणि वीजमीटरचं रीडिंगही लिहा, पुढचं बिल कोणाचं यावर वाद नको. मी मोबाइलचा उजेड धरला आणि आईने चष्मा पुसून आकडे एकेक करून वाचले. शिक्षकांनी ते लिहून घेतले, आईने खाली सही केली, आणि मग चावी दिली.